गुडघा गेला, आता कोच व्हायचंय: नॅशनल टीमपर्यंतची वाट कशी असते?

कामठीहून एका २६ वर्षांच्या फुटबॉल खेळाडूनं विचारलंय: "सर, जिल्ह्याकडून खेळलो, राज्याच्या कॅम्पपर्यंत गेलो. दोन वर्षांपूर्वी गुडघ्याचा लिगामेंट तुटला. ऑपरेशन झालं, पण पहिल्यासारखं वळता येत नाही. घरचे म्हणतात, आता नोकरी बघ. मला कोचिंग करायचंय. खेळाडू म्हणून इंडियाचा शर्ट मिळाला नाही, कोच म्हणून तिथवर जाता येतं का? की तिथं फक्त मोठे खेळाडूच पोचतात?"

आधी तुझ्या शेवटच्या वाक्याचं उत्तर देतो. नाही, फक्त मोठे खेळाडूच पोचतात असं नाही. भारताचा आजवरचा सगळ्यात मोठा कोच भारताकडून एकही सामना खेळलेला नव्हता. पण हे ऐकून लगेच खूश होऊ नकोस, कारण ते जिथं पोचले ते कशाच्या जोरावर, हे समजून घेतलं नाहीस तर या माहितीचा तुला काही उपयोग नाही.

मी नागपुरात बावीस वर्षं पोरांना शिकवतोय. त्याआधी लेफ्ट हाफ खेळायचो, बरा खेळायचो. खेळणं सुटलं तेव्हा मलाही वाटलं होतं की जे पायात आहे ते पोरांना द्यायचं, झालं कोचिंग. पहिल्या वर्षभरात कळलं की पायात जे असतं ते तोंडात नसतं. एक मुलगा होता, बारा वर्षांचा, मिडफिल्डला खेळायचा. पास आला की बॉलकडे तोंड करून उभा, पाठ गोलकडे. बॉल घेतला की मागून कोणीतरी येऊन काढून न्यायचा. मी बाजूनं ओरडायचो, "वळ! वळ! डोकं वर!" तो आणखी घाबरायचा. दोन महिने मी हेच केलं. मी स्वतः खेळताना बॉल यायच्या आधी खांद्यावरून मागं बघायचो, अर्धा वळून उभा राहायचो, पण आपण हे करतो हेच मला माहीत नव्हतं. माझे पाय करायचे. मला कोणी विचारलं असतं की तू हे कसं करतोस, तर मी म्हणालो असतो, "होतं आपोआप."

शेवटी एका सकाळी त्याच्या मागं दोन पोरं उभी केली, एकाच्या हातात लाल बिब (सरावात शर्टावर घालतात ते रंगीत बनियन), दुसऱ्याच्या हातात पिवळा. समोरून पास सुटायच्या क्षणी मागच्यांपैकी एकानं बिब वर करायचा आणि बॉल पायाला लागायच्या आत यानं रंग ओरडून सांगायचा. एवढंच. वळ म्हणालो नाही, डोकं वर म्हणालो नाही. पहिल्या दहा पासांत त्याचे सात रंग चुकले. तिसऱ्या दिवशी तो बॉल यायच्या आधी दोनदा मागं बघायला लागला, आणि मागं बघायचं तर अंग आपोआप अर्धं वळतंच. मी ज्याला वळणं म्हणत होतो, त्याचं मूळ बघण्यात होतं. त्या दिवशी मी पहिल्यांदा कोच झालो असं मी मानतो. त्याआधी मी बाजूला उभा राहून खेळणारा माजी खेळाडू होतो.

तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर इथं आहे. खेळाडूचं करिअर संपतं आणि त्याच्यापुढं कोचचं करिअर जोडलं जातं असं होत नाही. हा दुसरा धंदा आहे, तो पहिल्या इयत्तेपासून शिकावा लागतो. मोठ्या खेळाडूलाही. त्याला फक्त दार लवकर उघडतं.

आता ज्यांच्याबद्दल म्हणालो ते सय्यद अब्दुल रहीम. हैदराबादचे, पेशानं शाळामास्तर. विद्यापीठाकडून, स्थानिक क्लबकडून खेळले, पण नाव झालं ते शिकवण्यात. हैदराबाद सिटी पोलिसांची टीम त्यांच्या हाती होती आणि त्या टीमनं १९५० ते १९५४ सलग पाच वेळा मुंबईचा रोव्हर्स कप जिंकला. भारताचे कोच म्हणून १९५१ च्या दिल्ली एशियाडचं सुवर्ण, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक, १९६२ च्या जकार्ता एशियाडचं सुवर्ण. मधे १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाकडून १०-१ असा मारही खाल्ला. आपले बरेच खेळाडू तेव्हा अनवाणी खेळत होते. त्यानंतर बूट सक्तीचे झाले. चार वर्षांनी तोच भारत ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत होता.

रहीम साहेबांची एक गोष्ट मी पोरांना नेहमी सांगतो. ते खेळाडूंच्या कमजोर पायासाठी वेगळे सामने लावत. उजव्या पायाचा खेळाडू असेल तर फक्त डाव्यानं खेळायचं. वन-टचचे, म्हणजे बॉलला एकदाच पाय लावायचा असे, सामने लावत. हे ऐकायला साधं वाटतं, पण विचार कर, यात मास्तर दिसतो. मास्तर काय करतो? ज्या विषयात पोरगा कच्चा आहे त्याचा वेगळा तास लावतो. आणि जकार्तात त्यांनी काय केलं? जर्नेल सिंग हे बचावपटू. स्पर्धेत डोक्याला मार लागून टाके पडलेले. रहीम साहेबांनी त्यांना उपांत्य सामन्यात आणि अंतिम सामन्यात सेंटर फॉरवर्ड म्हणून, म्हणजे गोल करायला सगळ्यात पुढं, खेळवलं. अंतिम सामना दक्षिण कोरियाशी होता, ज्यांनी आपल्याला साखळीत २-० नं हरवलं होतं. आपण २-१ नं जिंकलो, एक गोल पी. के. बॅनर्जींचा, दुसरा जर्नेल यांचा. आज डोक्याला टाके असलेला खेळाडू मी मैदानात उतरवणार नाही, तूही उतरवू नकोस, तो काळ वेगळा होता. पण डिफेंडरच्या अंगात फॉरवर्ड दिसणं, हे बघणं शिकण्यासारखं आहे. रहीम साहेब तेव्हा कॅन्सरनं आजारी होते. पुढच्या वर्षी, १९६३ च्या जूनमध्ये ते गेले.

पी. के. बॅनर्जी दुसऱ्या टोकाचं उदाहरण. १९६० च्या रोम ऑलिंपिकचे कॅप्टन, फ्रान्सविरुद्ध गोल करणारे, १९६१ चा अर्जुन पुरस्कार मिळवणारे. क्लब मात्र ईस्टर्न रेल्वे. मोहन बागान, ईस्ट बंगाल या कोलकात्याच्या बड्या क्लबांकडून खेळाडू म्हणून कधीच खेळले नाहीत, आणि कोच म्हणून दोन्ही क्लब गाजवले. भारताची टीमही सांभाळली. आपल्या रेल्वेवाल्या पोरांना मी हे मुद्दाम सांगतो. ड्रेसिंग रूममध्ये बोलून टीम पेटवणं ही त्यांची ताकद म्हणून आजही कोलकात्यात सांगतात. १९९७ च्या फेडरेशन कपच्या उपांत्य सामन्यात कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर सव्वा लाखावर लोक होते, तेव्हा त्यांच्या ईस्ट बंगालनं मोहन बागानला ४-१ नं हरवलं, बायचुंग भूतियाची हॅटट्रिक.

मोठा खेळाडू झाला म्हणजे कोचिंग जमेलच असं मात्र नाही. इगोर स्टिमाच हे १९९८ च्या वर्ल्ड कपमध्ये तिसऱ्या आलेल्या क्रोएशियाचे बचावपटू. २०१९ ते २०२४ आपले कोच होते. त्यांच्या काळात काही चांगलं झालं, पण गुवाहाटीत अफगाणिस्तानकडून हरलो आणि शेवटी वर्ल्ड कप पात्रतेची पुढची फेरी हुकली. वर्ल्ड कपचं पदक त्या रात्री कामाला आलं नाही.

तुझ्यासाठी सगळ्यात जवळचा माणूस मला वाटतो तो खालिद जमील. त्यांच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तुझी गोष्ट आणि त्यांची गोष्ट एकाच जागी वळते.

जन्म १९७७ चा, कुवेतमधला. मुंबईत महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया, मग मुंबई एफसी. मिडफिल्डर. भारताकडूनही खेळले, पण दुखापतींनी घेरलं आणि मोठं व्हायच्या आत खेळणं संपलं. २००९ मध्ये मुंबई एफसीनं त्यांना कोच केलं. वय ३२. पुढची सात वर्षं ते त्याच क्लबमध्ये होते. हा क्लब श्रीमंत नव्हता, विजेतेपदाच्या आसपासही कधी नव्हता. दर वर्षी एकच काम: कमी पैशात टीम बांधायची आणि खालच्या विभागात जाऊ द्यायची नाही. सात वर्षं त्यांनी ते केलं आणि त्या सात वर्षांत त्यांच्यावर कोणी पानभर लिहिलं नाही.

२०१६ मध्ये ते मुंबई एफसीतून बाहेर पडले आणि मिझोरामच्या ऐझॉल एफसीकडे गेले. हा क्लब आदल्या मोसमात खालच्या विभागात ढकलला गेलेला. गोव्याच्या क्लबांनी माघार घेतली म्हणून त्याला परत जागा मिळाली. जमील यांनी मुंबई एफसीतले आशुतोष मेहता, जयेश राणे असे खेळाडू सोबत नेले, ज्यांची ताकद आणि कच्चे दुवे त्यांना माहीत होते. २०१७ च्या एप्रिलमध्ये घरच्या मैदानावर मोहन बागानला १-० नं हरवलं, शेवटच्या दिवशी शिलाँगमध्ये १-१ बरोबरी, आणि ऐझॉल आय-लीगचा, म्हणजे तेव्हाच्या राष्ट्रीय लीगचा, विजेता. मोहन बागानपेक्षा एक गुण जास्त. त्याच मोसमात मुंबई एफसी तळाला राहून खालच्या विभागात गेला. हे दोन निकाल शेजारी ठेवून बघ. सात वर्षं ज्या कामाकडे कोणाचं लक्ष नव्हतं, ते किती मोठं होतं हे तो माणूस निघून गेल्यावर दिसलं.

त्यापुढं ईस्ट बंगाल, मोहन बागान, दोन्हीकडे अल्पकाळ. मग नॉर्थईस्ट युनायटेड. तिथं २०२१ च्या जानेवारीत परदेशी कोचला काढलं आणि मोसमाच्या मध्यात टीम यांच्या हाती आली. साखळीतले उरलेले सामने न हरता उपांत्य फेरी. तेव्हा कुठं आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) एखाद्या भारतीयाला हंगामी नव्हे तर कायमचा हेड कोच नेमायला क्लब तयार झाला. मग जमशेदपूर, परत उपांत्य फेरी. १ ऑगस्ट २०२५ ला भारताचे हेड कोच. १३ वर्षांनी भारतीय माणूस त्या खुर्चीत.

२००९ ते २०२५. मोज. सोळा वर्षं.

आणि तिथं पोचल्यावर काय वाढून ठेवलं होतं तेही बघ. पहिली स्पर्धा सीएएफए नेशन्स कप, मध्य आशियाई संघटनेची, महिन्याभरात. काही खेळाडू क्लबनं सोडलेच नाहीत. तरी ताजिकिस्तानला त्यांच्या घरी २-१ नं हरवलं, इराणकडून हरलो, आणि तिसऱ्या जागेसाठी ओमानला पेनल्टीवर हरवलं. सगळीकडे कौतुक. १४ ऑक्टोबरला मडगावात सिंगापूरकडून १-२ हरलो आणि २०२७ च्या आशिया कपचं दार बंद झालं. नेमणुकीपासून अडीच महिने. पात्रता फेरीची सुरुवातच आधीच्या कोचच्या काळात बिघडली होती, हे खरं आहे, पण स्कोअरबोर्डवर ते लिहिलेलं नसतं.

नॅशनल कोचचं काम क्लबच्या कोचपेक्षा वेगळं असतं, हेही समजून घे. क्लबमध्ये खेळाडू दहा महिने रोज समोर असतो. आज चुकलं तर उद्या सकाळी सुधारता येतं. नॅशनल टीमला खेळाडू आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी राखलेल्या काही दिवसांपुरते मिळतात. त्यात प्रवास, थकवा, एक-दोन हलके सराव आणि लगेच सामना. तिथं नवीन काही शिकवायला वेळच नसतो. मुख्य काम निवडीचं: कोण कोणाबरोबर चालेल, कोणाला कुठं ठेवलं तर जे त्याला आधीच येतं तेच उपयोगी पडेल. म्हणून मी म्हणतो, त्या खुर्चीसाठी डोळा लागतो, आणि डोळा तयार व्हायला शेकडो खेळाडू जवळून बघावे लागतात. तुला खेळाडू म्हणून बारा-पंधरा वर्षांत जेवढे खेळाडू कळले, त्याच्या दहापट कोच म्हणून कळायला हवेत.

(मुलींच्या फुटबॉलकडेही बघ. मेमॉल रॉकी भारताकडून खेळल्या आणि पुढं सीनियर महिला टीमच्या हेड कोच झाल्या. आपल्याकडे मुलींना शिकवणारे कोच फार कमी आहेत आणि मुली यायला लागल्यात.)

आता लायसन्स. हे टाळता येत नाही. एआयएफएफच्या (भारतीय फुटबॉल महासंघ) सुरुवातीच्या कोर्सपासून डी, मग एएफसीचे (आशियाई फुटबॉल महासंघ) सी, बी, ए आणि शेवटी प्रो. डी कोर्स आपल्याकडे वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन घेते, नागपूर जिल्हा संघटनेत विचार. वरच्या पायऱ्यांवर जाताना मधल्या काळात टीम शिकवल्याचा अनुभव लागतो, नुसते कोर्स एकामागून एक करत गेलं असं चालत नाही, आणि ते बरोबरच आहे. पतियाळाच्या एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्था) डिप्लोमा सरकारी नोकरीसाठी अजूनही कामाचा आहे, पण मोठ्या लीगच्या बेंचवर बसायला फुटबॉलचं लायसन्सच लागतं. जमलं तर दोन्ही कर. आधी डी कर.

माझ्या डी कोर्सची परीक्षा सांगतो. वीस मिनिटांचं सेशन घ्यायचं होतं. विषय पासिंग. मी फार तयारी केली होती, मैदानावर खुणेला ठेवायचे चार रंगांचे कोन, बाणांचे कागद. संपल्यावर इन्स्ट्रक्टरनं घड्याळ दाखवलं. "वीसातली अकरा मिनिटं तुम्ही बोललात. पोरांचा पाय बॉलला किती वेळा लागला?" मला माहीत नव्हतं. त्यांनी मोजलं होतं: कोपऱ्यातल्या एका पोराला वीस मिनिटांत सहा वेळा. तेव्हापासून मी लाइन लावून ड्रिल घेत नाही. आठ पावलांचा चौकोन, चार पोरं बाहेर पास करणारी, एक आत बॉल हिसकावणारा. बॉल फार सोपा जायला लागला की कोन दोन पावलं आत सरकवतो. काही बोलायची गरज पडत नाही, चौकोनच बोलतो.

एक चूकही सांगतो, कारण ती तू करशील. बरीच वर्षं झाली. एका स्थानिक स्पर्धेचा उपांत्य सामना होता. माझ्या राइट विंगरचा घोटा सुजलेला. त्याला विचारलं, खेळशील? सोळा वर्षांचा पोट्टा, तो काय नाही म्हणणार? पट्टी बांधून उतरवला. जिंकलो. तो पुढचे सात महिने मैदानात आला नाही. त्याचे वडील भेटायला आले, काही बोलले नाहीत, फक्त त्याची किट परत देऊन गेले. खेळाडूच्या डोक्याला आजचा सामना दिसतो, ते त्याचं कामच आहे. माझ्या डोक्यात तेव्हा अजून खेळाडूच बसलेला होता. तुझा तर स्वतःचा गुडघा गेलाय. तू हे माझ्यापेक्षा लवकर शिकशील अशी माझी खात्री आहे.

तू कामठीचा आहेस. छावणीच्या गावात फुटबॉल हवेतच आहे. रब्बानीच्या मैदानावर संध्याकाळी उभं राहिलं की वयाची साठी ओलांडलेली माणसं कठड्यावर बसून कुठला पोरगा कोणत्या पायानं खेळतो ते सांगतात. त्यांच्याजवळ जाऊन बस. आणि एकदा विजय बारसे सरांचं काम बघून ये. हिस्लॉप कॉलेजात क्रीडाशिक्षक होते, २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या पोरांना बॉल दिला आणि त्यातून स्लम सॉकर उभं राहिलं. तिथं खेळून मोठी झालेली पोरं आज लहान पोरांना शिकवतात. पंचवीस पोरं, दोन बॉल आणि दगडाळ जागा असताना सेशन कसं घ्यायचं, हे कुठल्याच कोर्सात शिकवत नाहीत. ते तिथं दिसेल.

घरच्यांचं म्हणणं उडवून लावू नकोस. सुरुवातीची पाच-सहा वर्षं या कामात शाळेचं मानधन मिळतं, तेही बऱ्याचदा दहा महिन्यांचं. दिवसा नोकरी आणि सकाळ-संध्याकाळ मैदान, असं करणारे नागपुरात कितीतरी चांगले कोच आहेत. मीही तसाच केला संसार. नोकरी बघ, पण अशी बघ की सकाळी साडेपाचला मैदानावर पोचता येईल. मे महिन्यात आपल्याकडे साडेसातनंतर पोरांना उन्हात ठेवताच येत नाही, त्यामुळे सेशन उजाडतानाच घ्यावं लागतं.

मोठ्या मुलांची टीम लगेच मागू नकोस. दहा-बारा वर्षांची पोरं घे. मोठी मुलं तुझ्या शिकवण्यातल्या चुका स्वतःच्या अनुभवानं झाकतात. लहान पोरं झाकत नाहीत. तू जे चुकीचं शिकवलंस ते शनिवारच्या सामन्यात जसंच्या तसं दिसतं.

येत्या रविवारी सकाळी सव्वापाचला धंतोलीला यशवंत स्टेडियमच्या गेटवर ये. शिट्टी आणू नकोस, बूटही नको. दोनशे पानी वही आण. माझ्याकडे बारा वर्षांखालची अठरा पोरं आहेत. त्यातला एकच निवड, आणि तासभर फक्त त्याच्याकडे बघ, बॉल त्याच्याकडे नसतानाही. तो किती वेळा मागं बघतो, कोणत्या पायावर वजन ठेवतो, चुकल्यावर कोणाकडे बघतो, लिहून काढ. साडेसातला टपरीवर चहा घेऊ, तेव्हा वाचून दाखव.